मावशीचा कानमंत्र: जुने बिल्ले जमवणाऱ्या भाचीसाठी

तुझी आई फोनवर म्हणाली, "पोरगी आता भंगार घरी आणायला लागली." भंगार नव्हे गं, ब्राँझ आहे, असं मी तिला सांगितलं. तिला काडीचा फरक पडला नाही. मला मात्र बरं वाटलं. नोकरीसाठी पिट्सबर्गला गेलीस आणि शनिवार-रविवार मॉलमध्ये न घालवता अमेरिकन यादवी युद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या बिल्ल्यांच्या मागे लागलीस, यात वाया जाण्यासारखं काही नाही. पैसे सोडले तर.

आधी एवढं पक्कं डोक्यात ठेव. तू जे जमवते आहेस त्यातलं बहुतेक सगळं 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या संघटनेचं, म्हणजे जी.ए.आर.चं आहे. १८६६ च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या डेकेटर गावी बेंजामिन स्टीफन्सन नावाच्या लष्करी डॉक्टरने ती सुरू केली. युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढून सन्मानाने सुटलेल्यांनाच सभासद होता यायचं. गावची शाखा म्हणजे पोस्ट, राज्याची डिपार्टमेंट आणि मोठा मेळावा म्हणजे एन्कॅम्पमेंट. १८९० मध्ये चार लाखांवर सभासद होते. नवी भरती नाहीच, त्यामुळे माणसं गेली तशी संघटनाही गेली. १९४९ ला इंडियानापोलिसला शेवटचा मेळावा झाला आणि १९५६ मध्ये अल्बर्ट वूलसन हा शेवटचा सभासद वारला. सरकारने दिलेली पदकं ही नव्हेत. म्हाताऱ्यांनी आपल्याआपल्यात, आपल्या पैशाने केलेले हे बिल्ले. हा फरक विसरलीस की विक्रेता 'शौर्यपदक' म्हणेल आणि तू मान डोलावशील.

आता ऐक.

१. एक गाव धर, सगळा देश धरू नकोस. १८९४ चा राष्ट्रीय मेळावा तुझ्या पिट्सबर्गलाच भरला होता, तिथूनच सुरुवात कर – दिसेल ते उचलणाऱ्याची पेटी भरते, संग्रह होत नाही.

२. सभासदाची साधी पाच टोकांची तारका पहिली घे, पण पहिल्या दिवशी दिसलेली पहिलीच नको – लाखांनी बनल्यात, पुढच्या बाजारात तिची बहीण भेटेल.

३. ती तारका डोळे मिटून सांगता आली पाहिजे. वर गरुड, आडव्या तोफा, तोफगोळे, मग झेंड्याच्या रंगांची फीत, खाली तारका. मधोमध स्वातंत्र्यदेवी, तिच्या दोन बाजूंना हात मिळवणारे सैनिक आणि खलाशी, पुढे गुडघे टेकलेली दोन मुलं – खरी नजरेत मुरली की खोटी आपोआप खटकते, भिंग नंतर काढलं तरी चालतं.

४. कुठलाही बिल्ला आधी उलटा कर. नक्कल करणारा सगळा जीव चेहऱ्यावर ओततो आणि पाठीवर कंटाळतो – म्हणून आमच्या टेबलावरची म्हण: आधी पाठ, मग थाट.

५. पिनेकडे बघ. जुन्या बिल्ल्याला साधी वाकवलेली आकडी असते. मागे दोन पंख दाबून काढायची पकड दिसली तर तो तुकडा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा किंवा नंतरचा समज – पिन बदललेलीही असू शकते, पण मग ती बदललीय हे भावात दिसलं पाहिजे.

६. पर्समध्ये छोटं लोहचुंबक ठेव. ब्राँझ आणि पितळ चिकटत नाही, चिकटलं तर "तोफेच्या धातूचं आहे" ही कथा तिथेच संपली – पण चुंबक तारकेला लाव, पिनेला नको, पिन पोलादी असते आणि उगाच भांडण होतं.

७. तोफेच्या धातूची गोष्ट खरी आहे, बरं का. शत्रूकडून जिंकलेल्या तोफा संघटनेला मिळाल्या होत्या आणि सभासदांचे बिल्ले त्या ब्राँझमधून ओतले गेले. फक्त ती प्रत्येक बिल्ल्याला लागू नाही. मेळाव्यात वाटलेले, दुकानात विकलेले, बायकांच्या शाखेचे, आठवण म्हणून घेतलेले असे ढीगभर प्रकार साध्या पत्र्याचे, पितळेचे आणि सेल्युलॉइडचे आहेत – त्यांना तोफ लावून भाव वाढवणारा विक्रेता गोड बोलतो, तूही गोड हसून पुढे हो.

८. अतिनील किरणांची छोटी टॉर्च घे. अंधारात फितीवर मार, दोरा किंवा कापड पांढरंनिळं झगझगलं तर ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं – फीत बदलणं पाप नाही, बदललेली जुनी म्हणून विकणं पाप आहे.

९. सेल्युलॉइडच्या गोल बिल्ल्यांच्या मागे कागद असतो, तो वाच. नुअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीच्या कागदावर १८९४ आणि १८९६ च्या पेटंटच्या तारखा दिसतील. ती बिल्ल्याची जन्मतारीख नव्हे, तोच कागद त्यांनी पुढे वर्षानुवर्षं वापरला – पेटंट सांगतं 'याच्या आधीचा नाही', बाकी शोध तुझा. (ही कंपनी माझ्या गावाजवळची. आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळींना फक्त टर्नपाइक हा महामार्ग माहीत, ही कंपनी नाही.)

१०. तारकेच्या पाठीवर किंवा वेगळ्या बिल्ल्यावर तीन पानांचं क्लोव्हर, चंद्रकोर, ओकचं फळ, बाण अशा खुणा दिसतील. त्या नक्षी नाहीत, सैन्यातल्या वेगवेगळ्या कोअरच्या खुणा आहेत: क्लोव्हर दुसऱ्या कोअरचं, चंद्रकोर अकराव्याची, ओकफळ चौदाव्याचं, बाण सतराव्याचा. सभासदाच्या तारकेच्या पाठीवर त्या अनेक एकत्र असतात, तिथून काही कळत नाही. एकच खूण वेगळी मिरवलेली असेल तर माणूस कुठे लढला याचा धागा मिळतो – हा तक्ता कागदावर लिहून पाकिटात ठेव, विक्रेत्यांपैकी निम्म्यांना तो येत नाही.

आता दोन गोष्टी जरा थांबून सांगते, कारण इथे घाई झाली तर मावशी सोडवायला येऊ शकणार नाही.

११. जी.ए.आर.च्या तारकेसारखंच दिसणारं दुसरं एक पदक आहे: लष्कराचं मेडल ऑफ ऑनर, १८६२ चं. तेही पाच टोकांचं, त्यालाही वर गरुड नि आडव्या तोफा, फीतही तशीच झेंड्याच्या रंगांची. दोघांत इतकं साम्य होतं की १९०४ मध्ये लष्कराने आपलं पदक बदलून घेतलं. ओळखायचं मधल्या चित्रावरून. तिथे हात मिळवणारे सैनिक-खलाशी नसतील, तर ढाल घेतलेली मिनर्व्हा देवी आणि तिच्यापुढून मागे सरणारा, हातात साप धरलेला पुरुष असेल, भोवती ३४ बारीक चांदण्या. असं काही हाती आलं तर खाली ठेव. ते विकणं आणि विकत घेणं हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. "आजोबांच्या ट्रंकेत सापडलं" म्हणणारी म्हातारी खरंच निष्पाप असेल, तिला शांतपणे सांग आणि सल्ला घ्यायला एखाद्या संग्रहालयाचं नाव दे – स्वस्तात मिळालेलं मेडल ऑफ ऑनर सगळ्यात महाग पडतं.

१२. तारकेच्याच आकाराची, पण तळहाताहून मोठी, खाली दांडा असलेली ब्राँझची किंवा लोखंडाची वस्तू दिसेल. ती कबरीवरची खूण आहे. मेमोरियल डेला तिच्यात झेंडा खोवतात. जी.ए.आर.चा प्रमुख जॉन लोगन याने १८६८ च्या मे महिन्यात हुकूम काढून कबरींवर फुलं वाहायचा हा दिवस देशभर नेला, तेव्हापासूनचा हा रिवाज. आता या खुणा स्मशानांतून चोरल्या जातात, भंगारात जातात आणि जुन्या वस्तूंच्या टेबलांवर येतात. कितीही देखणी असो, घेऊ नकोस. विक्रेता "शेतात सापडली" म्हणाला तरी नको – कबरीवरचं उचललेलं घरात कुणाला लाभलंय?

१३. दक्षिणेकडच्या सैनिकांचंही एक आहे: सदर्न क्रॉस ऑफ ऑनर, १९०० पासून 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या बायकांच्या संघटनेने दिलेलं. नकला उदंड, भाव चढे. तुझ्या संग्रहात ते बसत असेल तर खुशाल घे, पण त्यावरचा झेंडा इथल्या अनेकांना दुखावतो हे विसरून दिवाणखान्यात टांगू नकोस – पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि आधी भिंत दाखवून गप्प करायचं, ही आपली रीत नाही.

१४. बाजारात भाव नंतर विचार. आधी विचार, "हे कुठून आलं?" – भाव विचारणारं गिऱ्हाईक, गाव विचारणारा संग्राहक, आणि गाव विचारलेल्याला भावही बरा सांगतात.

१५. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा बाजार वर्षातून तीनदा भरतो, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये. पहाटे टॉर्च घेऊन जा आणि दुपारी पुन्हा एक फेरी मार – पहाटे वस्तू चांगली असते, दुपारी विक्रेता. आमच्याकडे लॅम्बर्टव्हिलचा 'गोल्डन नगेट' आहे; तिथे येणार असलीस तर आदल्या रात्री माझ्याकडे उतर, हॉटेलचे पैसे बिल्ल्यांना घाल.

१६. ऑनलाइन लिलावात पाठीचा फोटो नसेल तर मागव, दिला नाही तर सोडून दे – ज्याला पाठ दाखवायला लाज, त्याला पैसे द्यायला आपण का उतावीळ?

१७. एकाच माणसाची तारका, फीत, सैन्यातून सुटल्याचा कागद, फोटो असं सगळं एका डब्यात मिळालं तर एक तर सगळं घे, नाही तर सगळं सोड. "मला फक्त तारका द्या" म्हणू नकोस – तू तारका उचललीस की पुढचा फोटो उचलतो, आणि संध्याकाळपर्यंत तो माणूस चार गाड्यांतून चार गावांना गेलेला असतो.

१८. घरच्यांकडून घेताना वस्तूची खरी किंमत आधी त्यांना सांग. आणि मयताच्या आठवड्यात तर मुळीच घेऊ नकोस, फोटो काढून परत दे – महिन्याभराने त्यांचाच फोन येतो, आणि तेव्हा सोबत गोष्टही येते.

१९. नंबर असलेला बिल्ला असेल तर नंबर लगेच लिहून घे. पोस्टचं नाव, क्रमांक, गाव असेल तर तेही – मोबाइलमधला फोटो चौथ्या आठवड्यात कोणत्या वस्तूचा होता हे तुझा मोबाइल सांगत नाही.

फितींबद्दल थोडं जास्त बोलते, माझा जीव त्यांच्यावर आहे. पोस्टची फीत बहुतेकदा दोन बाजूंची असते. एका बाजूला लाल-निळी-सोनेरी, पोस्टचं नाव, झालर, संचलनाला आणि मेळाव्याला लावायची. उलटी केली की काळी, तिच्यावर रुपेरी अक्षरांत 'इन मेमोरियम'. सोबती वारला की तीच फीत उलटून छातीवर. म्हाताऱ्या सैनिकांना ती वर्षात किती वेळा उलटावी लागली असेल, हे काळ्या बाजूच्या झिजेवरून दिसतं. बऱ्याच फितींची रंगीत बाजू कोरी करकरीत असते आणि काळीची पिनेजवळची कड पार विरलेली.

२०. म्हणून फीत एकाच बाजूने चिकटवून फ्रेम करू नकोस. जाड, आम्लरहित पुठ्ठ्यावर आडवी ठेव आणि उलटायची तर वर दुसरा पुठ्ठा ठेवून दोन्ही मिळून उलट – हाताने उचललीस तर रेशीम घडीवर फाटतं.

२१. त्या काळी रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार पाजायचे, त्यामुळे ते आतून जळतं. धुणं नको, इस्त्री नको, लॅमिनेशनचं तर नावही नको – एकदा चिरायला लागलं की सुई-दोऱ्यालाही ऐकत नाही.

२२. उजेड आवर. फिती खणात ठेव, पाहुणे आले की काढ – उन्हात आधी रंग जातो, मग तुझी झोप.

२३. ब्राँझ घासू नकोस. देवाच्या तांब्याला चिंच आणि पितांबरी, बिल्ल्याला नाही. शंभर वर्षांचा तपकिरी थर हाच त्याचा दाखला – घासलं ते चकाकलं, आणि किमतीला मुकलं. फार तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाड.

२४. हिरवट पावडर सुटत असेल तर तो तुकडा आधी वेगळा ठेव आणि जाणत्याला दाखव – ओल आणि घाम हे त्याचं खाद्य, म्हणून बिल्ला कडांना धरायचा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची. ती पुडी बदलायचीही असते, हे तुला सांगावं लागणार हे मला माहीत आहे.

२५. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत काही ठेवू नकोस – पीव्हीसी घामेजतं आणि धातूला हिरवा चिकट थर चढतो. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घे.

२६. ओकच्या लाकडाची ती देखणी काचपेटी तू बघून ठेवली आहेस, तुझ्या नवऱ्याने सांगितलं मला. नको घेऊस, ओकमधून आम्ल सुटतं, लोकरीच्या अस्तरातून गंधक, त्याने चांदी काळी पडते. रबरबँड आणि वर्तमानपत्रही त्याच जातीचे – दाखवायची पेटी आणि ठेवायची पेटी एकच नसते.

२७. सेल्युलॉइडचे बिल्ले इतरांपासून दूर, हवेशीर, थंड जागी ठेव. ते जुने झाले की आम्लाची वाफ सोडतात, शेजारच्या पिना गंजतात, आणि आगीजवळ तर ते भसकन पेटतात – झाकलं ते टिकलं हे खरं, पण कोंडलं ते कुजलं हेही खरं.

२८. आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तू सगळ्यात आधी टाळशील ते. प्रत्येक तुकड्यासोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: कधी, कुठे, कुणाकडून, किती पैशाला, आणि खाली दोन वेगळ्या ओळी. पहिलीत 'विकणारा काय म्हणाला', दुसरीत 'मला काय सापडलं' – या दोन ओळी एक झाल्या की दहा वर्षांनी तूच लोकांना थापा सांगत सुटशील, आणि त्याही मनापासून.

२९. तुझ्या घरापासून जवळच, कार्नेगी गावच्या अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयात, कॅप्टन थॉमस एस्पी पोस्ट क्र. १५३ ची खोली आहे. शेवटचे सभासद गेल्यावर ती दशकानुदशकं बंद होती. खुर्च्या, झेंडे, वस्तू आतच राहिल्या, आता ती पुन्हा उघडली आहे. जा, बस, बघ. तिथली एकेक वस्तू दामदुप्पट भावाची नाही, पण कुणाची कुठली ते माहीत आहे, म्हणून सगळी खोली बोलते – बिल्ला बाजारात मिळतो, माणूस चिठ्ठीत. पिट्सबर्गच्याच ओकलंड भागातला सोल्जर्स अँड सेलर्स हॉलही त्याच फेरीत कर.

३०. पिट्सबर्गमध्येच काळ्या सैनिकांची पोस्ट होती, रॉबर्ट जी. शॉ पोस्ट क्र. २०६. अशा पोस्टचं काही हाती लागलं तर ते भाव लावायच्या आधी शोधायला घे – जी.ए.आर.मध्ये काळे सैनिक होते, काही ठिकाणी गोऱ्यांच्याच पोस्टमध्ये, पण त्यांच्या वस्तू कमी टिकल्या आणि त्यांची नावं त्याहून कमी लिहिली गेली.

३१. पोस्टच्या वह्या शोध. 'डिस्क्रिप्टिव्ह बुक' म्हणायचे. वय, जन्मगाव, धंदा, पलटण सगळं त्यात. राज्यांची ग्रंथालयं आणि अभिलेखागारं चाळ, मग पेन्शनच्या फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागार – फायलीत कधी कधी त्या माणसाच्या गुडघ्यापासून सासूपर्यंत सगळ्या तक्रारी सापडतात, आणि तारका एकदम जिवंत होते.

३२. बायकांचे बिल्ले सोडून पुढे जाऊ नकोस. १८८३ ला डेन्व्हरमध्ये सुरू झालेल्या 'विमेन्स रिलीफ कोअर'ने म्हाताऱ्यांची आणि विधवांची सोय पाहिली – पुरुष संग्राहक ते टेबलावर तसेच टाकून जातात, म्हणून ते अजून परवडतात. मी सांगितलं हे कुणाला सांगू नकोस.

३३. तारका छातीवर लावून मिरवू नकोस, फोटोपुरतीही नको – ज्याने ती लावली त्याने आधी अँटिएटमची किंवा गेटिसबर्गची लढाई बघितलेली असते, आणि आपण फक्त टेबल बघितलं.

३४. महिन्याचं बजेट ठरव आणि ते नवऱ्याला खरं सांग. बिल्ला लपवता येतो, क्रेडिट कार्डचं बिल नाही – आणि बिचारा तुझ्यामागे पहाटेच्या चिखलातून चालतो, तेवढं तरी त्याचं फेड.

३५. संग्रहाची यादी फोटोंसकट घराबाहेर एक प्रत ठेव, चोरी-आगीसाठी. विमा कंपनीला चिठ्ठ्या आणि पावत्याच लागतात, तुझा कंठ दाटून आलेला लागत नाही.

३६. आणि पुढे कधी काही तुकडे द्यायचे झालेच तर 'सन्स ऑफ युनियन व्हेटरन्स' आहेत, जी.ए.आर.चा वारसा तेच चालवतात. किंवा ज्या गावची फीत त्या गावची इतिहास संस्था. पण आधी फोटो नि चिठ्ठी पाठवून विचार, न विचारता पार्सल टाकू नकोस – साध्या तारका त्यांच्याकडे ढिगाने पडल्यात, गावच्या पोस्टची नाव असलेली फीत मात्र ते दारात येऊन घेऊन जातील.